हिरव्या जिन्याचा पत्ता

"घर मागाहून, पोरी. आधी गल्ली दाखवायची."

वडिलांचा हा आवाज तिच्या कानात ती सात-आठ वर्षांची असल्यापासून होता. घरं दाखवण्याचा त्यांचा धंदा, आणि सुट्टीच्या दिवशी ही त्यांच्या मागोमाग. गिऱ्हाईकाला घाई असायची, कधी कुलूप उघडतंय नि कधी खोली बघतोय असं झालेलं असायचं. वडील मात्र वाटेत थांबत थांबत चालायचे. हा बघा चपला शिवणारा, हात इतका हलका की चप्पल हूं की चूं करत नाही. ही बघा खिडकी, हिच्यातली बाई सगळ्यांच्या पोरांना नावानिशी हाका मारते. "भिंती काय, कुठेही भिंतीच," ते म्हणायचे, "माणूस राहतो तो शेजारात."

वडील गेले, किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला आला आणि जुडग्याबरोबर नावही आलं. सगळी वस्ती तिला किल्लीताई म्हणू लागली.

काळ बदलला तशी तीही मोबाइलवर आली. सुरुवातीला सगळे करतात तेच केलं. स्वयंपाकाचा ओटा दाखव, बाल्कनी दाखव, न्हाणीघराच्या फरशा दाखव. व्हिडिओला अकरा लाइक. त्यातले नऊ घरच्यांचे, दहावा नणंदेच्या मैत्रिणीचा आणि अकरावा तिचा स्वतःचा. मग एकदा गिऱ्हाईकाची वाट बघता बघता तिने समोरच्या कुलूपवाल्याला टिपलं. तो किल्ली घासताना शीळ घालायचा, आणि घासण्याचा ठेका शिळेत असा मिसळायचा की जणू दोघं मिळून गाताहेत. संध्याकाळपर्यंत चाळीस हजार माणसांनी ती शीळ ऐकली. त्यानंतर लाँड्रीवाले मामा आले, एकट्याने डबल बेडची चादर हवेत उडवून चार घड्यांत खाली उतरवणारे. मग शाळेजवळ रस्ता ओलांडून देणारी आजी आली. मोबाइलवरचं तिचं पान वाढत गेलं. "गल्लीतली माणसं" हे नाव नणंदेने ठेवलं. माणसं बघून लोक विचारू लागले, तुमच्या गल्लीत खोली मिळेल का हो?

पानाचा कारभार नणंदेकडे होता, आणि तिचा एकच नियम होता. आलेल्या प्रत्येक प्रश्नाला तासाभरात उत्तर, आणि उत्तरात एक खूण. "खूण दिली की माणूस वाटेला लागतो, वहिनी. वाटेला लागला की निम्मं गिऱ्हाईक झालाच." किल्लीताईला नियम पटला होता. नणंद जेवायला गेली की ती स्वतः उत्तरं द्यायची. लाँड्रीच्या डाव्या हाताला. निळ्या फाटकासमोर. वडील तोंडाने जे करायचे ते ती बोटाने करत होती.

शिवणवाली तिच्याकडे आली ती आठ महिन्यांपूर्वी. एका हातात शिलाई मशीनचं डोकं, दुसऱ्या हातात सहा वर्षांची लेक. लेकीला ती 'बटण' म्हणे. लाँड्रीच्या वर तिसऱ्या मजल्यावर खोली होती, बाहेरच्या बाजूने हिरवा लोखंडी जिना. खोली बघून ती म्हणाली, "ताई, दारावर नाव नको. टपालपेटीवरही नको."

"का गं?"

"बटणचा बाप." एवढं बोलून ती थांबली. लेक खिडकीत आहे हे बघून घेतलं, मग हळूच म्हणाली, "दोन घरं बदलली. दोन्हींकडे येऊन पोचला. मागच्या वेळी दार फोडलं. तिसऱ्यांदा काय करीन ते त्याने सांगून ठेवलंय. आमचा ठावठिकाणा एका बहिणीला सोडून कुणाला ठाऊक नाही."

"माझ्या तोंडून जाणार नाही," किल्लीताई म्हणाली होती. मनापासून म्हणाली होती.

आणि पंधरवड्यापूर्वी किल्लीताईच तिच्याकडे मोबाइल घेऊन गेली. "फक्त हात टिपते. चेहरा नाही, नाव नाही. तुलाही चार कामं मिळतील." शिवणवालीने जरा विचार केला आणि हो म्हटलं. हातांना कोण ओळखतंय! काम करता करता मात्र ती विसरली, आणि मशीनच्या चाकाबरोबर तिचं स्वतःचं गाणं ओठांवर आलं. ते कुठल्या पुस्तकातलं नव्हतं. लेकीला निजवताना तिनेच जुळवलेलं होतं.

*सुई जाई पुढे, दोरा तिच्या मागे,*
*लेकीच्या उशाशी, माझा डोळा जागे.*

कार्यालयात आल्यावर नणंदेने ते ऐकलं आणि अंगावर काटा आला म्हणाली. आवाज काढला की व्हिडिओ नुसता कापडाचा तुकडा उरत होता. आवाज ठेवला की जीव येत होता. किल्लीताईने पहिली ओळ ठेवली, दुसरी कापली. लेकीचा उल्लेख नको, एवढी काळजी तिने घेतली. शिवणवालीला विचारायला मात्र ती तीन मजले चढली नाही. दोन लाख माणसांनी ते हात बघितले.

त्या दोन लाखांतला एक गुरुवारी दुपारी दोन वाजता कार्यालयाचं काचेचं दार ढकलून आत आला.

नीटनेटका माणूस. इस्त्रीचा शर्ट, पायपुसण्यावर बूट दोनदा पुसून आत येणारा. नणंदेने खुर्ची पुढे केली तर "आपण बसा ना, ताई" म्हणाला.

"खोली हवी होती. तुमच्या व्हिडिओतल्या भागात."

"कुठल्या व्हिडिओतल्या?" किल्लीताईने हसून विचारलं. "आमच्याकडे आता साठ झालेत."

"शिवणाचा. हात दिसतात तो." तोही हसला. "खूपदा बघितला. तुम्ही पत्ताही दिला होता मला. लाँड्रीच्या वर, हिरवा जिना. पण सकाळी लाँड्रीवर जाऊन आलो, तर तिथे जिनाच नाही. म्हटलं, दोन लाँड्र्या असतील."

दोन होत्याच. एक मोठ्या रस्त्यावर, मामांची आतल्या गल्लीत. नणंदेने तोंड उघडलं, "अहो, ती नव्हे, ती तर इथे..."

"तुम्हाला किती खोल्यांचं हवंय?" किल्लीताई मध्येच म्हणाली. का म्हणाली तिलाही कळलं नाही. त्याच्या "खूपदा" या शब्दाने तिच्या मानेवर कुणीतरी गार बोट ठेवल्यासारखं झालं होतं.

"एक पुरे. मुलीची शाळा जवळ हवी. इथली शाळा किती वाजता सुटते हो?"

उत्तराची वाट न बघता त्याने टेबलावरचं पेन उचललं, दोन बोटांत फिरवलं, आणि फिरवता फिरवता गुणगुणला. "सुई जाई पुढे, दोरा तिच्या मागे." थांबला. मग कवितेचा तास घ्यावा तसा शांतपणे म्हणाला, "लेकीच्या उशाशी, माझा डोळा जागे. गोड आहे ना?"

दुसरी ओळ व्हिडिओत नव्हती. ती कापलेली ओळ किल्लीताईच्या मोबाइलमध्ये होती, शिवणवालीच्या ओठांत होती, आणि जो कधीकाळी त्याच घरात, त्याच उशाजवळ झोपला असेल त्याला ठाऊक होती.

"तो जिना इथला नाही," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला. "तो व्हिडिओ पलीकडच्या भागातला. पुलापलीकडचा. आमच्या हिने चुकून इथली खूण लिहिली."

नणंद चपापली.

त्याने दोघींकडे आळीपाळीने बघितलं. फार वेळ बघितलं. पेन होतं तिथे, होतं तसं ठेवलं. "असू दे. आलोच आहे तर पायी फिरतो जरा. तुमची माणसं फार बोलकी आहेत, व्हिडिओत दिसतं तसं." दार लावताना काचेवर उमटलेला आपल्या हाताचा ठसा त्याने रुमालाने पुसला.

तो वळणाआड गेला तशी नणंद फुटली. "वहिनी! मी काय चुकीची खूण लिहिली गं? कुणावर ढकलतेस?"

"तू नाही. मी लिहिली." तिने मोबाइल काढला. त्याचं कुलूप उघडताना आकडे दोनदा चुकले. चार दिवसांपूर्वीचा प्रश्न तिथे होता, फोटो नसलेल्या खात्यावरून आलेला. *सुंदर हात. मुलीचा फ्रॉक शिवून घ्यायचाय, पत्ता मिळेल?* आणि खाली, दहा मिनिटांच्या आत, तिचंच उत्तर. *लाँड्रीच्या वर, तिसरा मजला, हिरवा जिना. साडेतीनला लेकीला शाळेतून आणायला जातात, तोवर घरीच असतात. जरूर या.* शेवटी एक हसरा चेहरा.

नणंदेने ते वाचलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. "शाळेची वेळ कशाला लिहिलीस गं?"

"फेरी फुकट जाऊ नये म्हणून," किल्लीताई म्हणाली. खरंच तेवढंच कारण होतं, आणि तेच ऐकायला सगळ्यात भयंकर होतं.

"व्हिडिओ उडवते. पण लोकांनी पुढे पाठवलेला आहे, तो..."

"उडव. पोलिसांना फोन कर, हा माणूस कसा दिसतो ते सांग. कुलूप लावून आत बस." आणि ती निघाली. घड्याळात दोन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

गल्ली तिला रोज हाताच्या तळव्यासारखी वाटायची. आज प्रत्येक खिडकी म्हणजे उघडं तोंड वाटत होतं. वर्षभर तिनेच या लोकांना बोलायला शिकवलं होतं. आधी परका माणूस दिसला की ही गल्ली मान खाली घालायची. किल्लीताईने सांगितलं, हसा, थांबवा, दोन शब्द बोला, वाट दाखवा, बाहेरच्याला वाटलं पाहिजे की आपण इथलेच झालो. आता गल्ली तेच करत होती.

"ताई!" कुलूपवाला टपरीतून ओरडला. "आत्ताच तुमचा एक चाहता येऊन गेला. शीळ वाजवून दाखवा म्हणाला. हिरवा जिना विचारत होता."

ती तशीच टपरीशी गेली. "सांगितलंस?"

"म्हटलं, थांबा पाच मिनिटं, हातातली किल्ली होऊ दे, स्वतः नेऊन सोडतो. पण घाईत होता. असा खाली गेला, बेकरीकडे. तिथे सांगतीलच कुणीतरी." तो मोठ्या अभिमानाने हसला. "आपली गल्ली कुणाला चुकू देत नाही!"

"पुन्हा आला तर मोठ्या रस्त्याकडे पाठव. काहीही सांग, पण इकडे आणू नकोस."

"का, भाडं बुडवणारा आहे का?"

ती केव्हाच पुढे निघाली होती. लाँड्रीत मामा वाफेच्या इस्त्रीमागे उभे होते. तिने व्हॅन मागच्या बाजूला लावायला सांगितली. मामांनी तिचं तोंड बघितलं, इस्त्री उभी केली आणि एकही प्रश्न न विचारता किल्ली घेतली. मग ती जिना चढली. लोखंडी पायऱ्या एरवी वाजायच्या तशाच वाजल्या, पण आज प्रत्येक आवाजाबरोबर तिला वाटत होतं, आपल्या मागून आणखी कुणीतरी चढतंय. दोनदा वळून बघितलं. दोनदा कुणी नव्हतं.

शिवणवाली मशीनवर होती, मांडीवर निळा फ्रॉक. "या ना ताई! बघा, सहा कामं आली तुमच्या व्हिडिओने. कापडावर खुणा करायला आता पावडर नको, खडूच आणा म्हणते बटण, तिला पाटीवर..." बोलता बोलता ती थांबली. "काय झालं?"

"तो गल्लीत आहे," किल्लीताई म्हणाली.

'तो' कोण हे सांगावं लागलं नाही. शिवणवालीच्या हातातून फ्रॉक सुटला. ती उठली नाही, ओरडली नाही. चाकावरचा हात तसाच राहिला आणि चाक हळूहळू थांबलं, तशी तीही आतून थांबत गेल्यासारखी दिसली. मग एकदम, जणू हजारदा तालीम केली असावी तशी, ती हलू लागली. कॉटखालून एक पिशवी निघाली. भरलेलीच होती. आठ महिने भरलेलीच असणार.

"कसा पोचला?" ती पिशवीला गाठ मारत पुटपुटत होती. "कसा पोचला तो इथे?"

आत्ता. सांगायचं तर आत्ता. किल्लीताईने तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडून आलं, "चल, आधी बटणला आणू."

जिन्याखाली व्हॅन होती. मागे धुतलेल्या चादरींची बोचकी, त्यांच्यामध्ये दोघी जमिनीवर बसल्या. मामांनी मागचं दार ओढलं. आत साबणाचा वास आणि अर्धा अंधार. दाराच्या फटीतून रस्ता सुतासारखा बारीक दिसत होता. बेकरी गेली. औषधाचं दुकान गेलं. शाळेच्या मुख्य फाटकासमोर वेग कमी झाला आणि शिवणवालीची बोटं किल्लीताईच्या मनगटात रुतली.

तो तिथे होता. रस्ता ओलांडून देणाऱ्या आजीशी बोलत होता. आजी हसत हसत हाताने शाळेकडे दाखवत होती. अजून पाऊण तास होता, पण त्याला घाई नव्हती. रुमालाने त्याने कट्टा झटकला आणि बसला.

"थांबू नका, मामा," किल्लीताई कुजबुजली. "मागच्या फाटकाला."

मागच्या फाटकाशी शिपाईण होती. आईला बघून तिने वर्गातून मूल आणायला माणूस पाठवला. ती आठ मिनिटं कशी गेली हे किल्लीताईला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. एवढंच आठवत राहिलं की शिवणवाली फाटकाची जाळी धरून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. जणू आवाजानेच घात केला हे तिच्या गळ्याला आपोआप कळलं होतं. तिला स्वतःला मात्र अजून काहीच कळलेलं नव्हतं.

बटण आली ती पाटीवरचा खडू गालाला लावून. "आई, आज लवकर? लाँड्रीच्या गाडीतून जायचं? मी पण चादर होऊ?"

"हो, बाई, चादर हो. गप्प चादर." आईने तिला बोचक्यांत ओढून घेतलं.

व्हॅन वस्तीबाहेर पडली. मामांनी न वळता विचारलं, "कुठे घेऊ?"

"बहिणीकडे?" किल्लीताई म्हणाली. "फोन लाव तिला. पोलिसांना सांगितलंय, पण आजची रात्र तरी तू तिथे..."

"बहिणीकडे नाही." शिवणवालीचा आवाज कोरडा होता. "तिच्याशिवाय कुणाला माहीत होतं, ताई? सांगा ना. तिनेच सांगितलं. त्याने जाऊन दोन अश्रू ढाळले असतील आणि ती विरघळली असेल. लहानपणापासून तशीच. माझ्या पाठची. मीच तिला कडेवर वाढवलं हो." तिने मोबाइल काढून मांडीवर ठेवला आणि एका हाताने मागचं झाकण नखाने उचकटू लागली. "हे कार्डच फेकते. ती मला मेली, मी तिला मेले."

"मावशी मेली?" चादरींतून बटणने विचारलं.

"नाही गं," म्हणाली किल्लीताई.

"मग आई असं का म्हणते?"

व्हॅन चौकात थांबली. मामा आरशातून बघत होते, कुठे वळायचं म्हणून. नख झाकणाच्या फटीत शिरलं होतं. गप्प बसणं किती सोपं होतं! बहीण दूर होती, तिला कळलंही नसतं. गल्ली किल्लीताईला देवासारखी मानत राहिली असती, पान वाढत राहिलं असतं, आणि या बाईला जगात जाण्याजोगं एकही दार उरलं नसतं. त्या माणसासमोर किल्लीताई एवढी घाबरली नव्हती. आता समोर फक्त एक शिवणवाली होती, जी दुसऱ्या हाताने तिचंच मनगट धरून बसली होती.

"झाकण लाव," ती म्हणाली. "बहिणीला फोन कर."

"ताई, तुम्हाला ठाऊक नाही..."

"मला ठाऊक आहे. तिने नाही सांगितलं. मी सांगितलं." मनगटावरची बोटं सैल पडली, पण ती थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं. "तुझं गाणं व्हिडिओत मी ठेवलं, तुला न विचारता. त्यावरून त्याने तुला ओळखलं. आणि पत्ता विचारला तेव्हा मी लिहून दिला. जिना, मजला, शाळा सुटायची वेळसुद्धा. कोण विचारतंय हे बघितलं नाही. चार दिवस ते उत्तर तिथे होतं, आणि तुझ्याकडे आले तेव्हाही मी बोलले नाही. बहिणीचा काही दोष नाही गं. मी सांगितलं."